दारावरची ती बाई कोण?

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना आत्या तीनदा बसली. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत शिरली आणि तिचा दम जागेवर आला. तिथल्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकावर एक असे कोरीव कप्पे आहेत. बहुतेक कप्प्यांत दोन पुरुष आणि एक बाई; शेवटी त्यातला एक जण बाईला घेऊन चाललेला दिसतो. आत्याने बोट दाखवलं. "ही सीता. आणि हा मेला रावण."

आत्याचं माहेर पंचवटीतलं. सीतागुंफेच्या रांगेत ती परकरी वयापासून उभी राहिलेली. तिला दुसरं कोण दिसणार?

पण त्याच दाराच्या माथ्यावर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र कोरलंय, त्यांना हात जोडणारी माणसंही आहेत. म्हणजे हा बौद्ध विहार, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. फर्ग्युसन आणि बर्जेस या ब्रिटिश अभ्यासकांनी १८८० साली भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात या कप्प्यांचं वर्णन करताना त्यांनी 'कुठलीशी गोष्ट' एवढंच म्हटलं आणि नाव न देता पुढे गेले. दोन पुरुष, एक बाई, पळवून नेणं, इथवर आत्या आणि बर्जेससाहेब यांचं एकमत आहे. भांडण त्यानंतरचं.

कलेच्या अभ्यासात या भांडणाची जागा नीट आखून दिली ती एर्विन पॅनोफ्स्की या जर्मन अभ्यासकाने, १९३९ साली. त्याचं उदाहरण रस्त्यात टोपी उचलणाऱ्या ओळखीच्या माणसाचं होतं. आपल्याकडे टोप्या उरल्या नाहीत, तेव्हा काळारामाच्या बाजूने स्कूटरवर जाणारा माणूस घेऊ. हँडलवरचा एक हात सुटतो, कपाळाला लागतो, मग छातीला. हात हलला हे कुणालाही दिसेल, परग्रहावरच्या पाहुण्यालासुद्धा. हा नमस्कार आहे, आणि तो रामाला आहे, हे कळायला इथली रीत माहीत लागते. आणि गाडी न थांबवता, मागे भोंगे वाजत असताना उरकलेल्या या नमस्कारातून आजच्या माणसाच्या श्रद्धेबद्दल आणि घाईबद्दल काय कळतं, हा तिसरा मजला. पॅनोफ्स्कीच्या मते चित्रातही असेच तीन मजले असतात: काय दिसतंय, ते कशाचं आहे, आणि त्यातून त्या काळाचं मन कसं उमटलंय. आपण बहुतेक जण पहिल्यावरून उडी मारून थेट तिसऱ्यावर जातो आणि मधला जिना अंदाजाने भरतो.

हा अंदाज डोळ्यापासूनच सुरू होतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच, म्हणजे दोनेक अंशांच्या भागात आपली नजर खरी तीक्ष्ण असते. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत तुकडे गोळा करतो आणि मेंदू त्यांची गोधडी शिवतो. उडी कुठे मारायची हे कोण ठरवतं?

सोव्हिएत शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांनी हे मोजलं. डोळ्याच्या बुबुळावर चिकटणारी बारीक टोपी, तिच्यावर आरसा, आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाची नोंद. (वाचतानाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.) समोर इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचं चित्र: हद्दपारीतून अचानक घरी परतलेला माणूस दारात, आणि खोलीतली घरची मंडळी थबकलेली. तेच चित्र, तोच बघणारा, प्रश्न मात्र दर वेळी वेगळा. वयं विचारली की नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर फिरायची. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की कपड्यांवर, सामानसुमानावर. नजरेच्या वाटांचे नकाशे इतके वेगळे निघाले, की ते एकाच चित्राचे आहेत हे सांगावं लागतं. आत्याने दाराच्या माथ्यावरचं चक्र पाहिलंच नाही, यात तिच्या मोतीबिंदूचा दोष नाही. तिच्या प्रश्नात चक्राला जागाच नव्हती.

चित्राखालचा मथळाही असाच प्रश्न पेरतो. व्हिएन्नातल्या हेल्मुट लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ सालचा प्रयोग मला फार आवडतो. चित्रं दाखवली आणि खाली दोन तऱ्हांची नावं दिली: एक नुसतं वर्णन करणारं, दुसरं अर्थ सुचवणारं. चित्र एकच सेकंद दाखवलं तेव्हा वर्णनाचा उपयोग जास्त झाला. दहा सेकंद दिले तेव्हा अर्थ सुचवणाऱ्या नावाने समज वाढली. पण अमूर्त चित्रं अशा नावामुळे जास्त कळली, तरी जास्त आवडली नाहीत! कळणं आणि आवडणं यांचे रस्ते वेगळे, हे गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्याला सांगायला नको. आणि वेळ तरी किती देतो आपण? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नामवंत कलाकृतींसमोर लोक किती थांबतात हे मोजलं गेलं, सरासरी निघाली २७ सेकंद. निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले.

'पांडवलेणी' हासुद्धा मथळाच. शिलालेखांत या डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. पुढे विहार ओस पडले, बोधिवृक्षाची गोष्ट सांगणारं कुणी उरलं नाही, आणि ओळखीची गोष्ट आत राहायला आली. एवढे मोठे दगड कोण कोरणार? पांडव! दहा नंबरच्या लेण्यात तर नुसत्या नावावर भागलं नाही. मागच्या भिंतीवर उठावात स्तूप होता. नंतर कुणीतरी छिन्नी घेऊन त्याचाच भैरव केला. दगडावर दगडाने लिहिलेला नवा अर्थ. मला तो विध्वंसही वाटतो आणि वाचनही, आणि दोन्हीपैकी एक निवडायला मी तयार नाही.

तीन नंबरच्या ओसरीकडे परत येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बाहेरून पाहिलं तर पायथ्याशी दगडी तुळया खांद्यावर घेतलेले सहा धिप्पाड गण दिसतात, दाराच्या वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. छातीपर्यंतच कोरलेले, बाकीचं अंग जमिनीत गेल्यासारखं. अख्खा विहार त्यांच्या खांद्यावर. पहिला मजला: ओझं वाहणारी माणसं. मी वर्षानुवर्षं तिथेच थांबलो होतो. फार तर 'बिचारे' म्हणायचो.

मग ओसरीच्या भिंतीवरच्या लेखाचा अनुवाद वाचला. सातवाहन राजा पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणं भिक्षूंना दिलं. हीच गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेखातले शब्द सांगतात, की कैलासशिखरासारख्या या तिरण्हु पर्वताच्या माथ्यावर तिने दिव्य विमानाच्या तोडीचं लेणं करवलं. विमान म्हणजे देवांचा प्रासाद. हे वाचून पुन्हा त्या सहा जणांसमोर उभं राहिलं की खांदे तेच, तुळया त्याच, पण वजन पार बदलतं. ते डोंगराखाली दबलेले दिसत नाहीत, दिव्य वास्तू पेलून वर उचलताना दिसतात. असं कोरणाऱ्याच्या मनात होतंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लेख आणि शिल्प एकाच ओसरीला आहेत, इतका पुरावा मला पुरतो.

हे सगळं मी आत्याला तिथल्या तिथे, हातवारे करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, बाटलीतलं पाणी प्यायली, पुन्हा एकदा वाकून त्या सहा जणांकडे पाहिलं.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवलं होतं, की परक्या मुलखातली गोष्ट लोकांना वाचायला दिली आणि काही काळाने सांगायला लावली, तर ती हळूहळू त्यांच्या घरची होते. मूळ अमेरिकन आदिवासी कथेतली डोंगी इंग्रजांच्या तोंडी साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. ऐकणारा विसरतो तेवढंच नाही, उरलेल्या जागा स्वतःच्या सामानाने भरतो.

रात्री घरी जेवताना आत्या सुनेला सांगत होती, "अगं, आज नवीनच कळलं. पांडवांकडे विमान होतं. खाली सहा जण उचलायला!"