मुठीत लपणारं पातं : जावातल्या खेड्याची पार्श्वभूमी

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या भातशेतीत आनी-आनी नावाची सुरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सुरी म्हणावी इतकीही ती मोठी नाही. लाकडाची छोटी चपटी फळी, तिच्या कडेला बसवलेलं बोटभर पातं आणि धरायला बांबूची आडवी दांडी. बाई ती मुठीत धरते, बोटांनी एक लोंबी पात्याकडे ओढते आणि देठासकट खुडते. मग पुढची लोंबी. भात म्हणजे देवी श्री. शस्त्र पाहून ती दचकू नये म्हणून पातं मुठीत लपवायचं, अशी श्रद्धा. शेतीच्या दृष्टीनंही ते सोयीचं होतं. जुन्या जातींची रोपं उंच वाढत आणि लोंब्या मागेपुढे पिकत, त्यामुळे पिकलेली तेवढीच खुडता येई.

एकेक लोंबी खुडायची तर हात फार लागतात. सुगी आली की गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्याही बायका शेतात उतरत. आलेल्या बाईला परत पाठवणं मालकाला शोभत नसे. खुडलेल्या भातातला ठरलेला वाटा तिचा असे, कुठे पाचवा, कुठे आठवा, कुठे दहावा. या वाट्याला बावोन म्हणतात. ज्या घराला जमीन नाही, त्या घराची काही महिन्यांची चूल बावोनवर पेटत असे. जावातल्या आतल्या भागातलं खेडं समजून घ्यायचं असेल, तर मला वाटतं या वाट्याचं काय झालं ते आधी पाहावं.

जावानीज भाषेत खेड्याला देसा म्हणतात. शब्द मूळचा संस्कृत ‘देश’. समुद्रापासून दूर, ज्वालामुखींच्या पायथ्याशी पसरलेल्या या गावांची ‘शांत, स्वयंपूर्ण, कधीच न बदलणारी’ अशी ओळख फार लिहिली गेली. इतिहास तसं सांगत नाही. १८२५ ते १८३० या काळात दिपोनेगोरो या बंडखोर जावानीज राजपुत्राशी चाललेल्या युद्धानं जावावर राज्य करणाऱ्या डच सरकारची तिजोरी रिकामी झाली. ती भरायला १८३० मध्ये योहानेस व्हॅन डेन बॉश या डच गव्हर्नर-जनरलनं सक्तीच्या पिकांची पद्धत आणली. गावानं पाचवा हिस्सा जमीन नीळ, ऊस अशा सरकारी पिकांना द्यायची, डोंगराळ भागात कॉफी लावायची. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जमीन आणि मजुरी दोन्ही त्याहून जास्त गेली. ऊस भाताच्याच पाणथळ खाचरांत लावला जाई, म्हणजे पाणी आणि माणसं दोन्हींवर आधी हक्क कारखान्याचा. गावच्या मुखियाला आणि वरच्या अधिकाऱ्यांना उत्पन्नावर टक्केवारी मिळे, त्यामुळे सक्ती करणारा हात गावातलाच असे. १८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान या भागांत दुष्काळानं माणसं मेली. त्याच सुमाराच्या दशकात हॉलंडच्या सरकारी उत्पन्नाचा जवळपास एक तृतीयांश भाग या वसाहतीतून येत होता.

सक्तीचं ओझं गावावर एकत्र पडे. म्हणून अनेक भागांत जमिनीच सामाईक करून वाटून घेतल्या गेल्या, कारण जमीन ज्याच्याकडे त्याच्यावर वेठ. पुढे ज्याला ‘प्राचीन सामूहिक जीवन’ म्हणून गौरवलं गेलं, त्यातला बराच भाग या वेठीनं घडवलेला आहे. गावच्या कारभाऱ्यांना पगाराच्या जागी मिळत आलेली बेंगकोक जमीन, आपल्या भाषेत वतनच, त्याच जुन्या व्यवस्थेची खूण आहे.

लोकसंख्या मात्र वाढतच गेली. मधल्या काळात जावावर ब्रिटिशांचा अंमल होता; त्यांचा कारभारी रॅफल्स याच्या काळात, १८१५ मध्ये, जावाची लोकसंख्या ४६ लाख मोजली होती. तो आकडा कमी धरला गेला असं आज अभ्यासक मानतात. तरी १९६१ च्या जनगणनेत तिथे सव्वासहा कोटींच्या आसपास माणसं होती. डचांनी १९०५ मध्ये मध्य जावातली १५५ कुटुंबं सुमात्रातल्या लाम्पुंग भागात नेऊन वसवली. स्वतंत्र इंडोनेशियानंही हाच मार्ग पुढे चालवला. त्यानं जावातली दाटी फारशी हलली नाही. जमिनीचे तुकडे लहान होत गेले आणि बावोनसाठी शेतात उतरणाऱ्या बायकांची रांग लांबत गेली.

जपानी अंमलात, १९४२ ते ४५, भाताची सक्तीची वसुली आणि रोमुशा नावाची वेठबिगारी यांनी खेडी पिळून निघाली. दहा-वीस घरांचा गट करून एकमेकांवर लक्ष ठेवायची पद्धत त्याच काळात आली. रुकुन तेतांगा या नावानं ती आजही चालू आहे.

१९६० मध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा १९६४ पासून मध्य आणि पूर्व जावात भूमिहीनांच्या संघटना स्वतःच जमिनी ताब्यात घेऊ लागल्या. १९६५-६६ मध्ये सैन्याच्या पुढाकारानं झालेल्या कम्युनिस्टविरोधी कत्तलींत किमान पाच लाख माणसं मारली गेली असं बहुतेक अंदाज सांगतात. त्यांत खेड्यांतल्या या कार्यकर्त्यांची संख्या मोठी होती. त्यानंतर गावात जमिनीचं किंवा वाट्याचं नाव काढणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पुढची सगळी गोष्ट हे लक्षात ठेवूनच वाचली पाहिजे.

कारण लगेचच नवं बियाणं आलं. त्या कत्तलींनंतर सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोच्या सरकारनं कर्ज, खत, कीटकनाशक आणि बुटक्या जातींचं भात एकत्र करून गावोगाव पोचवलं. ही रोपं आखूड, सगळी एकदम पिकणारी, आणि दाणे सहज गळणारी. आनी-आनी तिथे चालेना, विळा लागला. विळ्याला कमी माणसं पुरतात. शेतकऱ्यानं मग वेगळी वाट काढली : उभं पीक कापणीच्या आधीच व्यापाऱ्याला विकायचं. याला तेबासान म्हणतात. गावातल्या बायकांना ‘नको’ म्हणणं मालकाला जड जाई, बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला गावाची भीड नव्हती. तो आपली निवडक माणसं, विळे आणि तराजू घेऊन येई. याच सुमारास, १९७० च्या आसपास, छोट्या भातगिरण्या आल्या आणि लेसुंगमध्ये, म्हणजे लांबट लाकडी उखळात, भात सडायचं बायकांचं कामही गेलं. कांडणाचे कष्ट कमी झाले हे खरं, आणि ते कष्ट मी गोड करून सांगणार नाही. पण त्यावर मिळणारी मजुरी गेली, ती परत कुणी दिली नाही.

कीडही आली. तपकिरी तुडतुडे औषधांच्या फवाऱ्यानं वाढतच गेले, कारण त्यांना खाणारे कोळीच आधी मेले. १९८४ मध्ये देश भातात स्वयंपूर्ण झाला, पुढच्याच वर्षी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गौरव झाला, आणि १९८६ मध्ये पुन्हा तुडतुड्यांनी शेतं करपली. त्या वर्षी सरकारनं ५७ कीटकनाशकं भातासाठी बंद केली. १९८९ पासून बांधावर बसून किडी ओळखायच्या शेतीशाळा सुरू झाल्या. मला हा निर्णय त्या राजवटीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

त्या राजवटीनं गावाला दिलंही पुष्कळ. १९७३ पासूनच्या पाचसहा वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. १९७९ च्या कायद्यानं मात्र सगळ्या द्वीपसमूहातल्या गावांना जावाच्या देसाचा साचा लावला. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या जुन्या नागारी, म्हणजे त्यांची पारंपरिक ग्रामव्यवस्था, त्यात मोडल्या. २०१४ च्या ग्रामकायद्यानं हा साचा सैल केला आणि २०१५ पासून थेट निधी गावांकडे येऊ लागला. इंडोनेशियात अशी सुमारे ७५ हजार गावं आहेत. रस्ते, गटारं, छोटे पूल झाले. जमीन मात्र वाढली नाही : २०२३ च्या कृषिगणनेत अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेली कुटुंबं १ कोटी ६९ लाखांच्या घरात निघाली.

ज्या घरांत पूर्वी सुगीला आई आनी-आनी घेऊन निघायची, त्यांतल्या कितीतरी घरांतल्या मुली आज हाँगकाँग, तैवान नाहीतर सौदी अरेबियात घरकामाला आहेत. गावात सिमेंटचं नवं घर उभं राहिलं की बहुधा त्यांच्या पैशाचं असतं. शेतात आता कापणी-मळणीची यंत्रंही उतरतात. यंत्र पुढे निघून गेलं की काही म्हाताऱ्या बायका मागे वाकून सांडलेल्या लोंब्या गोळा करतात. या वेचण्याला तिथे ङासाक म्हणतात, आपण सरवा म्हणतो. त्यावर वाटा द्यावा लागत नाही, आणि मागायलाही कुणी उरलेलं नाही.