रबिंग, पॉलिश, वॅक्स : बिलावरच्या एका शब्दामागची गोष्ट

नागपुरात गाडी चमकवून आणली की बिलावर बहुतेक वेळा एकच शब्द असतो, पॉलिश. त्याखाली कधी रंग घासून पातळ केलेला असतो, कधी त्यावर मेण चढवलेलं असतं, तर कधी ओरखड्यांत तेलकट लेप भरून ते चार धुण्यांपुरते दडवलेले असतात. घोळ शब्दातच आहे आणि तो मोटारीच्या आधीचा आहे.

आपल्याकडे पॉलिश आलं ते लाकडाला आणि बुटाला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सागवानी कपाटावर किंवा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर हात द्यायचे. बुटावर मेणाचा थर. दोन्हीकडे पॉलिश म्हणजे वरून लावायची वस्तू. पितळी तांब्या मात्र चिंचेनं नि राखेनं घासला जाई, आणि त्याला घासणंच म्हणत. भांड्याला आतून कथलाचा थर दिला की ती कल्हई. घासणं आणि कल्हई यांत घरात कोणाचाच गोंधळ होत नसे. मोटारीच्या पॉलिशनं तो केला, कारण काम घासण्याचं आणि नाव थर देण्याचं.

जुने पेंटर याला 'रबिंग' म्हणत. माझ्या मते तोच शब्द प्रामाणिक होता. १९२०च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आला. आपल्या गॅरेजांत त्याला सरसकट 'ड्यूको' म्हणू लागले. तो फवारल्यावर मंद दिसे, कंपाउंडनं, म्हणजे बारीक कणांच्या घासायच्या लेपानं, घासल्यावरच उजळे. म्हणजे रबिंग हा रंगकामाचाच शेवटचा हात होता. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात उन्हानं रंग पांढुरका, खडूसारखा झाला की वरचा मेलेला पापुद्रा घासून काढायचे. खाली तोच रंग ताजा मिळे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला की हात थांबवायची वेळ कळायची.

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली. पुढे नव्वदच्या दशकात मेटॅलिक छटा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, सर्रास झाला. इथे सगळंच बदललं. ओरखडे आता रंगात नव्हे, या थरात पडतात. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. शिवाय घासताना फडक्यावर रंग उतरत नाही. जुन्या कारागिराला थांबवणारी खूणच गेली, हात मात्र तोच राहिला. बोनेटच्या कडा आणि दाराच्या धारा आधी उघड्या पडल्या, त्या याचमुळे.

नखाला लागणारी रेघ सहसा घासून पूर्ण जात नाही. तिच्या खोलीपर्यंत थर उतरवायचा तर खाली फारसं काही उरत नाही. बारीक रेघांचं जाळं मात्र घासून जातं. ते दिव्याभोवती गोल फिरल्यासारखं दिसतं, पण रेघा सगळ्या दिशांनी असतात. प्रकाशाला आडव्या पडलेल्या तेवढ्याच चमकतात.

हे जाळं बहुतेक कोरड्या फडक्यानं पडतं. सकाळी एका बादलीत अख्ख्या अपार्टमेंटच्या गाड्या पुसल्या जातात, आणि धुळीत काय काय असतं! सिमेंट रस्त्यांच्या कामांचा चुरा आणि कोराडी-खापरखेड्याकडून येणारी वीज केंद्रांची राख. या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं. पितळेला जे काम चुलीतली राख करी, तेच ही क्लिअर कोटला करते, फक्त कोणी सांगितलेलं नसताना.

मेणाची गोष्ट त्यामानानं सरळ आहे. ते काही काढत नाही, वरती बसतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, ब्राझीलच्या ताडाचं कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९वर गेला होता. तसल्या उन्हात काळं बोनेट ७० अंशांपलीकडे सहज जातं. इथे कार्नोबाचं नाव टिकलं ते उगाच नाही, तरी तेही उन्हाळा-पावसाळा मिळून काही आठवड्यांचंच धनी.

मग आल्या 'कोटिंग'. आधी टेफ्लॉनच्या नावानं. तव्यावरचं टेफ्लॉन तीनशे अंशांच्या वर भाजून बसवतात. गाडीचा रंग इतका तापवता येत नाही, त्यामुळे गाडीवर जे लागलं ते तव्यावरचं नव्हतं. आता सिरॅमिकचा जमाना आहे आणि त्याच्यासोबत '९एच'चा. ऐकणाऱ्याला वाटतं, कठीणपणाच्या ज्या मोजपट्टीवर हिरा दहा, तिच्यावर हे नऊ. प्रत्यक्षात तो पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचा अंक आहे: ९एच पेन्सिलनं रेघ उमटली नाही, एवढाच अर्थ. रेती, राख आणि बादलीतलं फडकं त्या चाचणीत बसत नाहीत. खरं संरक्षण नाहीच असं नाही, पाणी आणि घाण लवकर सुटते. पण कोटिंगआधी सगळी गाडी घासली जाते, आणि चमक बरीचशी त्या घासण्याची असते. पैसे मात्र कोटिंगच्या नावानं.

अलीकडे काही दुकानांत जाडी मोजायचं मीटर ठेवतात. पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो, पण तो प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट यांचा एकत्र. त्यातला वरचा थर किती उरला, हे नेहमीचं मीटर सांगत नाही. आणि वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकानं ती किती वेळा 'पॉलिश' करून घेतली, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.