परसात स्विमिंग पूल बांधण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आम्ही फोंडा तालुक्यात स्विमिंग पूल बांधतो आणि बांधलेले पूल सांभाळतो. आमचे बहुतेक दिवस या दुसऱ्या कामात जातात, म्हणूनच हे पत्रक काढावंसं वाटलं. पूल बांधून व्हायला दोन-तीन महिने लागतात. सांभाळायचा मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं. तरी चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बांधायला किती येईल?" आम्ही उलट विचारतो: घरातलं कोण, वर्षातले किती दिवस पाण्यात उतरणार? आणि उरलेल्या दिवशी त्या पाण्याकडे कोण बघणार? पूल गाईसारखा असतो. ती दूध देवो न देवो, वैरण रोज घालावीच लागते.

आधी दिवस मोजा

गेल्या वर्षीचं कॅलेंडर घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हे चार महिने सरळ खोडा. पावसात पोहायला मुलांना आवडतं हे खरं, पण विजा चमकत असताना कोणालाही पाण्यात राहू द्यायचं नसतं, आणि सततच्या पावसात पाणी पोहण्याजोगं ठेवणं हे वेगळंच काम आहे.

इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. पूलचं जे चित्र मनात असतं, ते भरल्या घराचं असतं: मुंबई-पुण्याहून आलेली चुलत-मावस भावंडं, पाण्यात दहा-बारा पोरं, काठावर गप्पा मारत बसलेली मोठी माणसं. पण आपलं घर खरं भरतं ते चतुर्थीला. आणि चतुर्थी येते ऑगस्ट-सप्टेंबरात, पूलचं पाणी सर्वांत बिघडलेलं असतं तेव्हा. त्या पाच-सात दिवसांसाठी पाणी निळं हवं असेल, तर आधीचे दोन आठवडे त्यावर राबावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत माडांच्या सावलीतल्या पूलचं पाणी सकाळी अकरापर्यंत गारच असतं. पुढे परीक्षा. मग एप्रिल आणि मे, त्या दोन महिन्यांत मात्र परसातल्या पूलसारखं सुख नाही.

एका घरी आम्ही असंच कॅलेंडर घेऊन बसलो होतो. रविवार, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ मिळून सत्तरच्या आसपास दिवस आले. घरमालकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात सून म्हणाली, "बाबांचे दिवस कुठे धरलेत?" आजोबांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितलेला होता. ते रोज उतरणार होते. आकडा दोनशेच्या वर गेला. तो पूल आम्ही बांधला, आणि आजोबा आजही पावसाळा सोडून रोज त्यात चालतात. दुसऱ्या एका घरी मुलगा दहावीत होता, मुलगी बारावीत. दोन-तीन वर्षांत दोघंही बाहेर शिकायला जाणार हे आई-वडीलच सांगत होते. त्यांना आम्ही नको म्हणालो. मुलं साधारण पाच ते चौदा वर्षांची असताना पूलचा वापर सर्वांत जास्त होतो. त्या वयाची किती वर्षं तुमच्या घरात शिल्लक आहेत, ते मोजा.

पाण्याचा हिशेब

एका कुटुंबाला पुरेल असा पूल म्हणजे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल. त्यात ३८,४०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. हे भरणं एकदाच. पण उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. पूलच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, म्हणजे रोजचे १६० लिटर आणि महिन्याचे ४,८०० लिटर. फिल्टर उलटा धुताना जाणारं आणि मुलांच्या उड्यांनी बाहेर सांडणारं पाणी यात धरलेलं नाही. ज्या महिन्यात गावच्या नळाला पाणी कमी येतं, त्याच महिन्यात पूल जास्त पाणी मागतो. म्हणून आम्ही विहिरीची पातळी मे महिन्याच्या अखेरीला मोजायला सांगतो. ऑक्टोबरात तुडुंब दिसणाऱ्या विहिरीवर भरवसा ठेवू नका.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. त्याच ३२ चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे ९६,००० लिटर पाऊस पडतो. पूलमध्ये मावतं त्याच्या अडीचपट! हे पाणी क्लोरीन पातळ करतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी, त्याचं माप) बदलतं आणि काठावरून वाहू लागतं. ते कुठे वाहणार, हे आराखड्यातच ठरायला हवं. शेजाऱ्याच्या कुळागरात किंवा आपल्याच विहिरीकडे गेलं तर तंटा आणि नुकसान दोन्ही.

आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून आलेले कंत्राटदार इथेच फसतात. आपली जमीन चिऱ्याची. चिऱ्यातून झिरपलेल्या पाण्यात बऱ्याचदा लोह असतं आणि ते किंचित आम्लधर्मी असतं. बादलीत ते काचेसारखं दिसतं. क्लोरीन पडला की तासाभरात कोऱ्या चहासारखं होतं, कारण विरघळलेलं लोह गंजून बाहेर येतं. पूल भरून झाल्यावर हे कळलं तर पांढऱ्या टाइल्सवर तांबूस डाग बसतात. आम्लधर्मी पाणी टाइल्समधला सांध्याचा मसालाही हळूहळू खातं.

ही तपासणी तुम्ही आज घरी करू शकता. पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, चमचाभर ब्लीचिंग पावडर ढवळा आणि एक तास तसंच ठेवा. तळाशी तांबूस गाळ बसला, तर फोन करताना आम्हाला तेवढं सांगा. उपाय आहे: तुरटीने गाळ बसवणं, भरतानाच पाणी गाळणं, सोडा ॲश घालून पीएच वर आणणं. फक्त तो पूल भरायच्या आधी करायचा असतो.

रोजचं काम

पाण्यात क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असा लागतो. टेस्ट किटमध्ये दोन छोट्या नळ्या असतात. दोन्हींत पूलचं पाणी घ्यायचं, आपापल्या बाटलीतले पाच-पाच थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरून रंग जुळवायचा. एक नळी पिवळी होते, ती क्लोरीनची. दुसरी पिवळसर नारिंगीपासून लालपर्यंत जाते, ती पीएचची. काम दोन मिनिटांचं आहे, पण करणारं माणूस ठरलेलं हवं. आमच्या अनुभवात हे काम सर्वांत नेमकं कोणी केलं असेल, तर एका घरच्या काकूंनी. स्वयंपाकघराच्या खिडकीत वही ठेवून त्या रोज दोन आकडे लिहितात. त्यांचा पूल आजवर एकदाही हिरवा झालेला नाही.

ऊन क्लोरीन उडवतं, म्हणून तो संध्याकाळी घालावा. "पूलला क्लोरीनचा फार वास येतोय, जास्त पडला वाटतं," असं पुष्कळ जण म्हणतात. तो वास बहुधा घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडला आहे, असं समजायचं. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी कधीही ओतायचं नाही. क्लोरीन आणि ॲसिड एका कपाटात ठेवायचं नाही. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू तयार होतो.

एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास चालवला, तर महिन्याला साधारण २०० युनिट वीज जाते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट वरच्या टप्प्यात मोजले जातात. हिशेब करताना पूर्ण वर्ष धरा, कारण पोहणं थांबलं तरी पंप थांबवता येत नाही. आंबा-फणसाची पानं, मोहोर आणि पहिल्या पावसात आत पडणारे बेडूक जाळीने रोज काढावे लागतात. नारळ पडेल इतक्या जवळ माड असेल, तर आधी जागा बदला.

रिकामा पूल जमिनीतून वर येतो

ही आमच्याच हातून झालेली चूक आहे. सखल भागात, शेताला लागून असलेल्या एका परसात फायबरचा पूल होता. जुलैत त्याची किरकोळ दुरुस्ती निघाली आणि आम्ही तो संध्याकाळी रिकामा केला. रात्रभर पाऊस पडला. सकाळी पाहिलं तर एका बाजूने तो वीतभर वर आला होता, कडेची फरशी फुटली होती आणि पाइप निखळले होते. जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामा पूल होडीसारखा तरंगतो. आतल्या पाण्याचं वजनच त्याला खाली धरून ठेवत असतं. काँक्रीटचा पूलही यातून सुटत नाही, त्याला तडे जातात. खर्च आम्ही सोसला. त्या दिवसापासून पावसाळ्यात आम्ही कोणाचाही पूल रिकामा करत नाही, आणि सखल जागेत पूल बांधताना भोवती खडीचा निचरा आणि तळाला दाब सोडणारी झडप घातल्याशिवाय काम घेत नाही. तुमच्या परसात पावसाळ्यात दोन हात खणल्यावर पाणी लागत असेल, तर जमिनीवर बसवायच्या पूलचा विचार करा.

लहान मुलं

यावर आम्ही तडजोड करत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत बुडणं येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते गप्पकन खाली जातं, आणि हाती मिनिटंच असतात.

गोव्यात पाण्याची भीती कमी. सांजांवला, २४ जूनला, लोक विहिरीत उड्या घेतात. ओहोळात पोहायला शिकलेले आजी-आजोबा घरोघरी आहेत. म्हणून "आमच्या पोरांना पाणी नवीन नाही" हे वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येतं. दोन वर्षांच्या मुलाला सगळंच नवीन असतं.

पूलला चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण हवं, चढायला आडव्या पट्ट्या नसलेलं. चौथी बाजू म्हणून घराची भिंत चालणार नाही, कारण आपल्या घरांचा मागचा दरवाजा दिवसभर उघडा असतो आणि मूल तिथूनच येतं. फाटक आपोआप बंद होऊन कडी लागणारं हवं. पाणी खेचणारी तोंडं तळाशी दोन, एकमेकांपासून लांब आणि जाळीबंद हवीत, म्हणजे केस किंवा हात अडकत नाही. पंप आणि दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवं. घरातल्या दोघांनी तरी तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं शिकून घ्यावं. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं तुमच्याच हातात असतात. कुंपणाचा खर्च वगळून दर मागितला, तर आम्ही दर देत नाही. अंगण उघडं दिसावं ही इच्छा आम्हाला समजते, तरीही देत नाही.

कागदपत्रं

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्यांची संमती आधी घ्या. वडिलोपार्जित घरांत काम इथेच अडतं, आणि खोदाई सुरू झाल्यावर अडलं तर भावकीत कडवटपणा येतो. पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि नगरनियोजन खात्याची मंजुरी यांची चौकशी तुमच्या इंजिनिअरकडून करून घ्या. समुद्र किंवा खाडीजवळ किनारी नियमनाचा प्रश्न येतो. नवी विहीर किंवा बोअर मारायची असेल, तर २००२ चा गोवा भूजल नियमन कायदा लागू होतो.

मोठा पूल नको वाटला तर

मुलांना पोहायला शिकवणं एवढाच हेतू असेल, तर परसातला पूल त्यासाठी तोकडा आहे. आठ मीटरमध्ये पाच-सहा हात मारले की भिंत येते. पणजीला कांपालच्या जलतरण तलावावर, जिथे २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं जलतरण झालं, तशा ठिकाणी प्रशिक्षकाकडे घाला. एक उन्हाळा पुरतो. नुसतं गारव्यात बसायचं असेल, तर ३ बाय अडीच मीटरचा, छातीएवढ्या खोलीचा छोटा कुंड घ्या. त्यात आठ हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि त्यावर झाकण घालणं सोपं जातं. खोल पूल घरी कोणालाच लागत नाही. तीन ते साडेचार फूट पुष्कळ झालं. सूर मारायला तेवढं पाणी कमी पडतं, म्हणून काठावर तशी सूचना आम्ही स्वतः रंगवून देतो.

पाहणीच्या दिवशी

दर या पत्रकात छापलेला नाही, कारण जागा न बघता सांगितलेला आकडा खोटा ठरतो. कुठे दोन फुटांवर कठीण चिरा लागतो, कुठे पाणी. खोदाईचं यंत्र परसापर्यंत पोचेल का, हेही बघावं लागतं. पाहणीला आम्ही पैसे घेत नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी तयार ठेवा: बादलीतलं तपासलेलं पाणी, मे अखेरीस विहिरीचं पाणी किती हातांवर होतं तो आकडा, आणि दिवस मोजलेलं कॅलेंडर. आणि उद्या टेस्ट किट ज्याच्या हातात असणार आहे, मग ते काका असोत, काकू असोत की कॉलेजातला मुलगा, त्या माणसाला घरी थांबायला सांगा. आम्हाला आधी त्यांच्याशी बोलायचं असतं.