टर्बोच्या तोंडाशी काय बसवताय?

घरच्या पोर्चमध्ये बोनेट उघडायचं, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढायचा आणि तिथे शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा, ही हौस इंदुरातल्या आपल्या मुलांमध्येही आहे. हौस चांगलीच आहे. स्वतः पाना धरल्याशिवाय गाडी कळत नाही. पण त्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात किती विचार भरलाय, हे तो काढण्याआधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

टर्बो असलेल्या गाडीत हवा या डब्यातूनच टर्बोकडे जाते. टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. पेटंट १९०५ चं. एक्झॉस्टचे गरम वायू एक चाक फिरवतात आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. छोट्या गाडीत हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप बुडाशी गरम होतो, तसंच. मे महिन्यातली इंदूरची ४० अंशांची दुपार धरा. हवेचा दाब दुप्पट करायचा, तर टर्बो अगदी आदर्श असला तरी हवा १०८ अंशांवर जाते. प्रत्यक्षात आणखी वीस-तीस अंश वर. आता उघडा फिल्टर इंजिनाशेजारची ६० अंशांची हवा ओढू लागला, तर ती आत शिरतानाच सहा टक्के विरळ असते आणि दाबल्यावर आदर्श हिशेबानेही १३० पार करते. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, त्यातली बरीच उष्णता काढतो, पण सगळी नाही. मग नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटणं, टाळायला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगी उशिरा देतो आणि ताकद उतरते. कंपनीची नळी समोरच्या जाळीकडची हवा घेते, ती यासाठीच.

तरी गाडी जोरात पळतेय असं का वाटतं? टर्बोचा ‘शूऽऽ’ आवाज मोकळा ऐकू येतो म्हणून. फिल्टरचा अडथळा कमी झाला, तरी ईसीयू वेस्टगेट (एक्झॉस्टचे वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) हलवून बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठरलेल्या पातळीजवळच ठेवतो. टर्बोचे कष्ट थोडे वाचतात, इतकंच. ट्यूनिंग न बदलता मोठ्या वाढीची अपेक्षा धरू नये.

खरी काळजी घ्यायची ती बसवताना. नळी काढली की टर्बोच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, आणि नवी नळी लावण्यापूर्वी ते आठवणीने काढा. त्या वेगात एखादा वॉशर आत गेला, तर पाती गेलीच म्हणायची. सिलिकॉनची नळी पाइपाच्या उंचवट्यापलीकडे सरकवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे घट्ट करा; क्लिप उंचवट्यावरच आली तर बूस्टच्या दाबाने नळी निसटते. टर्बोआधीचा सांधाही तितकाच नीट हवा. तिथल्या फटीतून माळव्याच्या काळ्या मातीची धूळ गाळली न जाता थेट पात्यांवर आदळते, आणि तिथून सिलिंडरमध्ये. बंपरमागे खाली फिल्टर नेणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार करावाच: फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर त्याच्या घराचा, म्हणजे तो बसवलेल्या नळीचा, व्यास बदलू नका. सगळं मोजमाप त्यावर बेतलेलं असतं. सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये फट राहिली, तर न मोजलेली हवा शिरून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टर्बोनंतर गळती झाली, तर मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल जास्त पडतं आणि जोर दिल्यावर काळा धूर दिसतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, काम करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाहा. आकडा बराच सरकला असेल, तर फिल्टरला दोष देण्याआधी एकेक क्लिप पुन्हा तपासा.