‘उकिडवे बसा’ हा सल्ला मागे का पडला?

विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. वाद आहे तो उघड्यावर सापडलेल्या माणसाने काय करावे याचा.

1752 च्या प्रयोगांनी आकाशातली वीज विद्युतच असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना एका शास्त्रज्ञाचा बळी गेला. त्याच सुमारास इमारतींवर तडितरक्षक चढू लागले. माणसांसाठी नेमके नियम मात्र फार उशिरा आले.

1998 मध्ये अमेरिकेत ‘30-30’ चा नियम पुढे आला. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी वेळ गेला, तर आत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडायचे नाही. आवाजाला किलोमीटरभर यायला सुमारे 3 सेकंद लागतात, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे असा हिशेब. पण विजा लागोपाठ चमकू लागल्या की कोणता गडगडाट कोणत्या चमकेचा हे कळत नाही, आणि मोजण्यात मोलाचा वेळ जातो. पुढे मोजणी गळली, गडगडाट कानावर आला की आत जा, एवढेच उरले. 30 मिनिटांची अट टिकली, ते योग्यच झाले.

उकिडवे बसण्याचा सल्ला मात्र चिवट निघाला. पाय जुळवून, डोके खाली घालून बसा, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. याचे एक मूळ आपल्या ‘वीज पडणे’ या शब्दांतही दिसते. वीज वरून येते, डोक्यावर पडते, म्हणून उंची कमी करा, असे मन सहज मानते. प्रत्यक्षात थेट अंगावर वीज पडून होणारे मृत्यू 3 ते 5 टक्क्यांच्या आसपास धरले जातात. सुमारे निम्मे बळी जवळपास पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरून एका पायातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो, त्यामुळे जातात. पाय जुळवण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठीच. आडवे पडणे तर त्याहून घातक, कारण जमिनीला टेकलेल्या शरीराच्या दोन टोकांमधले अंतर वाढते आणि तेवढा जास्त प्रवाह अंगातून जाऊ शकतो.

2008 मध्ये अमेरिकेच्या सरकारी हवामान यंत्रणेने हा सल्ला देणे थांबवले. बसल्याने धोका फारसा घटत नाही, उलट पक्की इमारत किंवा बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी गाठण्याऐवजी माणूस जागीच थांबतो, हे त्यामागचे कारण. मला हा निर्णय पटतो. जवळ कुठलाच आसरा नसलेल्याला मग काय सांगायचे, हा विरोधकांचा प्रश्नही खोटा नाही. म्हणूनच काही देशांच्या सूचनांत ‘अगदी शेवटचा उपाय’ म्हणून उकिडवे बसणे अजून छापले जाते.