रेडिओलहरी कोणाच्या, आणि वाटायच्या कशा?

सार्वजनिक मालकीच्या नैसर्गिक संपत्तीचा विषय निघाला की कोळसा, तेल, पाणी, जंगल ही नावं लगेच तोंडावर येतात. रेडिओलहरींचं नाव त्यांत सहसा नसतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मात्र 1973 सालीच आपल्या करारात लिहून ठेवलं होतं की रेडिओ वारंवारता (लहर सेकंदाला किती आंदोलनं करते तो आकडा) आणि भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांची कक्षा ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचं ठरवलं. मालक कोण, याबद्दल आता फारसा वाद नाही. वाटप कसं करायचं याबद्दल मात्र आहे, आणि त्या वादात तिजोरीत किती पैसे आले याचीच चर्चा जास्त होते. मला ते अपुरं वाटतं. या संपत्तीचा स्वभावच वेगळा आहे आणि धोरणाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

कोळसा जाळला की संपतो, आणि न काढता ठेवला तर पुढच्या पिढीच्या कामी येतो. रेडिओलहरींचं दोन्ही बाबतींत उलट आहे. एखादा पट्टा, म्हणजे वारंवारतांचा सलग तुकडा, कितीही वापरा, तो तसूभरही झिजत नाही. पण आज तो रिकामा पडून राहिला तर आजचा वापर कायमचा बुडाला. तो साठवून उद्या दुप्पट वापरता येत नाही. म्हणजे ही संपत्ती जपून ठेवण्यात शहाणपण नाही, आणि ती कोणी अडवून ठेवली तर होणारं नुकसान भरून काढायची सोय नाही.

सगळे पट्टे सारख्या गुणाचेही नसतात. 700 मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला 70 कोटी आंदोलनं करते आणि तिची तरंगलांबी साधारण 43 सेंटिमीटर भरते. अशी लहर दूर जाते, भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरते, झाडाझुडपांना फारशी जुमानत नाही. 26 गिगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आत असते. ती भिंतीपाशी अडते, पानांनी अडते, जोराच्या पावसात क्षीण होते. मग ती हवी कशाला? कारण वरच्या वारंवारतांच्या भागात जागा ऐसपैस आहे. खाली पाच-दहा मेगाहर्ट्झच्या तुकड्यासाठी ओढाताण चालते, तर वर एकेका कंपनीला शेकडो मेगाहर्ट्झ देता येतात. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 साली दाखवून दिलं की एखाद्या वाहिनीतून सेकंदाला किती माहिती जाऊ शकते हे पट्ट्याची रुंदी आणि संदेशाचं गोंगाटाशी असलेलं प्रमाण या दोनच गोष्टींवर ठरतं. हे प्रमाण तेच ठेवून रुंदी दुप्पट केली तर क्षमताही दुप्पट होते. नुसती शक्ती वाढवत गेलं तर फायदा उत्तरोत्तर घटत जातो. म्हणून सगळ्यांचा जीव रुंदीवर.

जर्मनीने हा भेद ओळखून एक चांगला नियम केला. दूरचित्रवाणी डिजिटल झाल्यावर मोकळा झालेला 800 मेगाहर्ट्झचा पट्टा 2010 साली लिलावात काढताना अट घातली की कंपन्यांनी आधी लहान गावांना सेवा द्यायची, मोठ्या शहरांची पाळी शेवटी. दूर पोचणारी लहर दूरच्या माणसांसाठी वापरा, इतकी साधी ती मागणी होती. बाजारावर सोडलं असतं तर कंपन्या आधी शहरांकडेच गेल्या असत्या.

मुळात सरकारने यात पडायचंच कशाला? नेहमीचं उत्तर असं की लहरी एकमेकींत मिसळून गोंधळ होतो. हे अर्धंच खरं आहे. दोन लहरी हवेत एकमेकींवर आदळून मोडत नाहीत. त्या एकमेकींतून आरपार जातात आणि पुढे जशाच्या तशा असतात. गोंधळ होतो तो ऐकणाऱ्या यंत्रात. त्याला आपली लहर आणि परकी लहर वेगळी करता आली नाही की आपण त्याला व्यत्यय म्हणतो. यंत्र जितकं चांगलं, तितकं ते शेजाऱ्याचा गोंगाट बाजूला सारून आपलं तेवढं ऐकू शकतं. परवाने देताना मात्र जवळपास सगळा भर प्रक्षेपण करणाऱ्यावर असतो. ऐकणारं यंत्र किती चोखंदळ असावं, यावर बहुतेक देशांचे नियम फार कमी बोलतात.

याची किंमत अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये दिसली. विमानातलं रेडिओ उंचीमापक जमिनीकडे लहर सोडतं आणि तिचा परावर्तित भाग ऐकून विमान किती उंचीवर आहे ते सांगतं. धुक्यात उतरताना वैमानिकाचा मोठा भरवसा त्यावर असतो. या यंत्रांना 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे. 5जी साठी 3.7 ते 3.98 गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला होता, सुमारे 81 अब्ज डॉलरला. दोहोंमध्ये 220 मेगाहर्ट्झचं मोकळं अंतर होतं, म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. पण काही जुनी उंचीमापकं आपल्या पट्ट्याच्या बरीच बाहेरचीही ऐकत होती. त्यांची रचना झाली तेव्हा शेजारी कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, त्यामुळे कडक फिल्टर बसवायची गरज कोणाला वाटली नव्हती. अखेरच्या क्षणी काही विमानसेवांनी उड्डाणं रद्द केली, विमानतळांजवळचे टॉवर सुरू करणं लांबणीवर टाकावं लागलं, आणि पुढे विमानांची यंत्रं सुधारून घ्यावी लागली. ऐकणाऱ्या यंत्रांचे निकष वीस वर्षं आधी कडक केले असते तर हे सगळं टळलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

वाटपाची पद्धत मात्र गेल्या शंभर वर्षांत खूप बदलली. अमेरिकेने 1912 साली, टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, परवान्याचा कायदा केला. त्यात सरकारला परवाना नाकारायचा अधिकार ठेवला नव्हता. 1926 साली न्यायालयाने तसं स्पष्ट केल्यावर रेडिओ केंद्रं मन मानेल त्या वारंवारतेवर उड्या मारू लागली, आणि ऐकणाऱ्यांच्या कानी नुसता कल्लोळ येऊ लागला. 1927 साली नवा कायदा करून लगाम घातला गेला. त्यानंतर अनेक दशकं सुनावण्या घेऊन ‘लायक’ अर्जदार निवडायची रीत चालली. तिला वेळ लागायचा आणि वशिल्याला वाव राहायचा.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1959 साली सुचवलं की या लहरी सरळ विकाव्यात. त्या वेळी त्यांना सरकारी सुनावणीत विचारलं गेलं की ही सगळी मोठी थट्टा आहे का. लिलावाऐवजी अमेरिकेने 1980 च्या दशकात मोबाइलच्या परवान्यांसाठी सोडत काढली. लाखो अर्ज आले. दूरसंचाराशी काडीचा संबंध नसलेल्यांनी चिठ्ठी लागल्यावर परवाने विकून टाकले; एका गटाने केप कॉडचा परवाना 4 कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला. जनतेच्या संपत्तीचा पैसा नशीबवानांच्या खिशात गेला.

लिलावही आपोआप चांगला होत नाही. न्यूझीलंडने 1990 साली असा नियम ठेवला की सर्वांत मोठी बोली जिंकेल, पण भरायची रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी. सिद्धांत म्हणून हा उत्तम आहे, कारण लोक खरी किंमत बोलतात. पण बोली लावणारेच कमी होते आणि किमान किंमत ठरवलेली नव्हती. एकाने 1 लाख न्यूझीलंड डॉलरची बोली लावली; दुसरी बोली होती 6 डॉलरची, आणि त्याला 6 डॉलर भरून परवाना मिळाला. त्यानंतर अर्थतज्ज्ञ पॉल मिलग्रॉम, रॉबर्ट विल्सन आणि प्रेस्टन मॅकाफी यांनी वेगळी पद्धत आखली. सगळे परवाने एकाच वेळी लिलावात, बोली फेरीफेरीने, आणि प्रत्येक फेरीनंतर भाव सगळ्यांना उघड. शेजारच्या दोन प्रदेशांचे परवाने मिळून मोलाचे ठरतात, म्हणून एकाचा भाव कळल्याशिवाय दुसऱ्यावर किती बोलायचं ते ठरवता येत नाही. ही अडचण त्या पद्धतीने बरीचशी सुटली. जुलै 1994 मध्ये अमेरिकेने ती वापरली आणि मग जगभर ती पसरली. मिलग्रॉम व विल्सन यांना 2020 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या यशातूनच एक चुकीची सवय लागली. ब्रिटनने 2000 साली पाच परवान्यांतून साडेबावीस अब्ज पौंड मिळवले, आणि तेव्हापासून लिलाव म्हणजे महसुलाची शर्यत असं समीकरण पक्कं झालं. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती किमान किंमत, चढी ठेवायची, घेणारा घेईल. भारतात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 2016 च्या लिलावात एकाही कंपनीने घेतला नाही, 2021 मध्येही नाही. तो अखेर 2022 मध्ये गेला. दूर पोचणारा, भिंतींच्या आत शिरणारा हा पट्टा त्या मधल्या वर्षांत मोबाइल ग्राहकांच्या कामी आला नाही. कोळशाची खाण विकली गेली नाही तर कोळसा जागेवरच राहतो. इथे मधल्या सहा वर्षांचा वापर गेला तो गेलाच, आणि हा तोटा सरकारी हिशेबाच्या कुठल्याच वहीत दिसत नाही.

काही पट्टे न विकण्यातही फार मोठा लाभ असतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा भाग 1947 मध्येच औद्योगिक आणि तत्सम उपकरणांसाठी बाजूला काढलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच चालतात. गोंगाटाची जागा म्हणून तिला मोल नव्हतं. 1985 साली अमेरिकेने ठरवलं की कमी शक्तीच्या आणि संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवणाऱ्या उपकरणांना इथे परवाना लागणार नाही. कोणती उपकरणं येतील हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. वाय-फायचं पहिलं मानक 1997 मध्ये आलं आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात रुजलं. तिथे लिलाव झाला असता तर मालकाने कोणाला काय करू दिलं असतं, याचा विचार प्रत्येक धोरणकर्त्याने करावा.

आणि काही पट्टे मुकेच ठेवावे लागतात. हायड्रोजनचा अणू 1420 मेगाहर्ट्झला क्षीण संदेश देतो. आकाशगंगेचा नकाशा त्यावरून काढला गेला, म्हणून तिथे प्रक्षेपणाला बंदी आहे. पाण्याच्या वाफेचं प्रकरण आपल्या रोजच्या आयुष्याच्या जास्त जवळचं आहे. वाफेचे रेणू 22.2 गिगाहर्ट्झच्या आसपास ऊर्जा शोषतात आणि सोडतात. ही वारंवारता रेणूच्या रचनेनेच ठरते, ती कोणत्याही सरकारला दुसरीकडे हलवता येत नाही. हवामान उपग्रह 23.8 गिगाहर्ट्झला हे मंद उत्सर्जन ऐकतात आणि त्यावरून हवेत बाष्प किती आहे ते काढतात. पाऊस आणि चक्रीवादळाचे अंदाज या मोजमापावर बरेच टेकलेले असतात. तिथेच वरच्या बाजूला, 24.25 गिगाहर्ट्झपासून 5जीचा पट्टा सुरू होतो. टॉवरमधून थोडी ऊर्जा पट्ट्याबाहेर गळतेच. उपग्रहाला ती वाफेच्या उत्सर्जनासारखीच दिसते, आणि चुकीचा आकडा बरोबर म्हणून हवामानाच्या प्रारूपात जातो.

अमेरिकेने 2019 साली या पट्ट्याचा लिलाव केला तेव्हा गळतीची जी मर्यादा ठेवली होती, तिच्यापेक्षा सुमारे 3,000 पट कडक मर्यादा जागतिक हवामान संघटनेला हवी होती. त्या देशाचे स्वतःचे हवामानशास्त्रज्ञही लिलावाच्या अटींविरुद्ध बोलले. त्याच वर्षी इजिप्तमध्ये शर्म अल शेख इथे झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत तडजोड झाली. टॉवरसाठी मर्यादा अमेरिकेच्या आकड्याच्या साधारण 20 पट कडक ठरली, आणि 1 सप्टेंबर 2027 नंतर सुरू होणाऱ्या टॉवरसाठी आणखी चौपट. त्याआधी सुरू झालेल्यांना आधीची, 20 पट कडक मर्यादाच लागू राहील. म्हणून या पट्ट्यातले टॉवर कुठे आणि केव्हा उभे राहिले याची नोंद प्रत्येक देशाने आत्तापासून खुली ठेवली पाहिजे. ती हाती असेल तरच उपग्रहाने टिपलेल्या वाढीव बाष्पातलं खरं किती आणि टॉवरमधून गळलेलं किती, हे हवामानशास्त्रज्ञांना तपासता येईल.