व्हॉल्यूम जुळलं म्हणजे खोबण जुळली असं नाही

चेहऱ्याला मार लागून डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटतो, ऑपरेशन होतं, मग पुन्हा सीटी स्कॅनवर दोन्ही बाजू मोजतात. रिपोर्टात ठरलेलं वाक्य येतं: ‘डावी 30 मिली, उजवी 30 मिली, सिमेट्री साधली.’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. साधली ती बेरीज.

घनफळाचं गणित सगळ्यांना पाठ असतं. प्रौढ खोबण साधारण 30 मिलीची, त्यात नेत्रगोल जेमतेम 7 मिलीचा, बाकी चरबी, स्नायू, नसा. खोबण एक मिलीने वाढली की डोळा ढोबळमानाने एक मिलिमीटर आत जातो. दोनेक मिलिमीटर गेला की समोरच्याला कळतं. एका आकड्यात काम भागतं, म्हणून घनफळ सगळ्यांचं लाडकं.

गोची आकारात आहे. खोबणीचा तळ सपाट नसतो. बाजूच्या कापात बघा: पुढच्या कडेमागे तो आधी जरा खाली उतरतो, मग नेत्रगोलाच्या मागे वर चढतो. नाकाकडच्या भिंतीला मिळतो तिथे मागे एक फुगवटा असतो. डोळ्याला मागून टेकू देतो तो हाच. आता फुटलेल्या तळाच्या जागी टायटॅनियमची जाळी सरळसोट बसवली समजा. पुढे ती मूळ तळापेक्षा वर राहून एक मिली जागा खाते. मागे फुगवटाच नाही, म्हणून तेवढीच जागा जास्तीची उरते. बेरीज शून्य, रिपोर्ट खूश. डोळा मात्र पुढून वर ढकललेला आणि तरीही आत गेलेला. पेशंटला एकाचे दोन दिसत असतील तर नवल नाही.

म्हणून स्कॅनमधली शाबूत बाजू संगणकावर आरशासारखी उलटवून फुटलेल्या बाजूवर बसवायची आणि कुठे किती मिलिमीटर फरक पडतो ते रंगांत बघायचं. तिथेही लोक सरासरी काढतात! +2 आणि −2 ची सरासरी शून्यच येणार, म्हणजे पुन्हा तीच चूक. मी आधी मागच्या-आतल्या कोपऱ्याचा रंग बघतो, सरासरी नंतर, वेळ उरला तर. उलटवण्याचं मध्यप्रतल, म्हणजे चेहऱ्याचे डावे-उजवे भाग करणारी पातळी, तीही नाकावरून काढू नका. मार लागलेल्या चेहऱ्यात नाकच वाकडं असू शकतं. कवटीच्या तळाचे न हललेले बिंदू घ्या. दोन्ही बाजू फुटल्या असतील तर आरसा बादच.

शिवाय घनफळाचा आकडा वाटतो तितका पक्का नसतो. खोबणीला पुढून हाड नसतं, झाकण कुठे लावायचं ते मोजणारा ठरवतो. आतली भिंत इतकी पातळ की स्कॅनवर तिला भोकं पडल्यासारखी दिसतात, ती हाताने बुजवावी लागतात. एकाच स्कॅनचे दोघांनी दोन आकडे काढले तर भांडू नका.

हर्टेलच्या मापकाने डोळा किती पुढे आहे ते कळतं, खोबण नाही. मापक टेकतं ती खोबणीची बाहेरची कड सरकली असेल तर तेही कळत नाही.

जुन्या फ्रॅक्चरमध्ये मात्र गणित उलटतं. आतली चरबी आटलेली, आखडलेली असते. हाड तंतोतंत जुळवलं तरी डोळा आतच राहू शकतो. अशा वेळी सर्जन कधीकधी मुद्दाम खोबण थोडी लहान ठेवतात. त्या केसला व्हॉल्यूम किती, हे मीच आधी विचारतो.